मागं राहण्याची नोकरी

आई, काल मुरबाडच्या मैदानावर एक बाई माझ्याशी भांडायला आल्या आणि पहिली पाच मिनिटं मला वाटलं, तूच आलीस. तसाच कमरेला खोचलेला पदर, हातात भाजीची पिशवी, आणि बोलण्याआधी समोरच्याला वरपासून खालपर्यंत बघून घ्यायची तीच सवय. त्यांची मुलगी माझ्याकडे सायकल शिकायला येते. म्हणजे चालवायला नाही, शर्यतीत पळवायला. बाई म्हणाल्या, "म्याडम, घरी आमी तिला पुढं जा, पुढं जा सांगतो, नि तुमी मागं राह्याला शिकवता, असं ती सांगते. खरं हाय का?" मी त्यांना सगळं समजावलं. पुढच्या सायकलला वारा लागतो, मागचीची ताकद वाचते, शेवटी ती ताकद बाहेर काढायची. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग जी पुढं असते, तिनं काय पाप केलंय?" याचं उत्तर मला तुलाही कधी देता आलं नव्हतं. म्हणून आज दुपारी जेवण झाल्यावर लिहायला बसले आहे.

ही मागं राहण्याची विद्या मला कुठल्या कोचनं नाही, एसटीनं शिकवली. आठवीत शाळेतून सायकल मिळाली होती आणि मी रोज धसईला त्यावरून जायचे. एके दिवशी मुरबाडहून येणारी गाडी माझ्या पुढं गेली, मी तिच्या मागं लागले आणि एकदम वारा थांबला. कुणीतरी दोरी बांधून ओढावं तशी सायकल चालायला लागली. दुसऱ्या दिवसापासून मी फाट्यावर गाडीची वाट बघत थांबायला लागले. आठवडाभरानं कंडक्टर आपल्या दारात उतरला. "तुमची पोर आमच्या गाडीला चिकटून येते," तो तुला म्हणाला. "ब्रेक मारला तं मागच्या काचेतून आत येईल, नि तिकीट पण काढणार नाय." तू माझ्या धुरानं काळ्या झालेल्या तोंडाकडं बघितलंस, म्हणालीस, "मला वाटलं कोळशाच्या भट्टीवर जाते का काय," आणि भांडी घासायच्या काथ्यानं माझं तोंड घासलंस. मी मरता मरता वाचले याचं तुला काही नव्हतं. तुझा राग वेगळाच होता. "दुसऱ्याच्या आडोशानं जायाचं नाय. पाय दिलेत ना तुला?"

पाय होतेच. त्या पायांनी मला जिल्ह्याला नेलं, राज्याला नेलं, मग पुण्याच्या एका टीममध्ये. मी तिथली स्प्रिंटर झाले, म्हणजे शेवटच्या दोनशे मीटरसाठी राखून ठेवलेली. बाकीच्या मुली दिवसभर पुढं राहून वारा खायच्या आणि मी त्यांच्या मागं. तुला यातलं काही सांगितलं नव्हतं. तुला फक्त एवढंच माहीत होतं की आपली पोर पहिली येते. मग शहापूर ते मुरबाड अशी शर्यत ठरली, शेवटी गावाभोवती पाच फेऱ्या, आणि तू शेजारच्या काकीला घेऊन एसटीनं बघायला आलीस. नवी साडी नेसून, अगदी दोरीला चिकटून उभी.

पहिल्या फेरीला तू हात हलवतेस. दुसऱ्या फेरीला तू मला शोधते आहेस. तिसऱ्या फेरीला मी तुला सापडते, आमच्या टीममधल्या विजापूरकडच्या उंच मुलीच्या पाठीला चिकटलेली, आणि तुझा चेहरा पडतो. चौथ्या फेरीला सायकलींच्या आवाजावर तुझा आवाज येतो, "अगो, त्या पोरीच्या मागून निघ की. दमली ना ती." विजापूरच्या मुलीला मराठी कळत होतं. ती इतकी हसली की तिची लय तुटली आणि आम्ही दोघी जवळजवळ गटारात गेलो. पाचव्या फेरीला मी तिच्या मागून बाहेर पडले आणि अर्ध्या चाकानं जिंकले.

बक्षिसाच्या वेळी तू कुठं दिसेना. तू फूटपाथवर बसलेल्या त्या मुलीचं तोंड पदरानं पुसत होतीस. मग तिचा हात धरून तू थेट स्टेजवर चढलीस. पाहुण्यांच्या हातात माझी शाल, माईक चालू. "मी हिची आई," तू माझ्याकडं बोट दाखवून म्हणालीस. "मी सगळ्या फेऱ्या बघितल्या. काम त्या पोरीनं केलंय." हे सगळ्या मुरबाडनं ऐकलं. पाहुण्यांनी घाईघाईनं मला शाल घातली, आणि तू ती माझ्या खांद्यावरून काढून तिच्या खांद्यावर घातलीस. तो फोटो अजून आहे. पदक माझ्या गळ्यात आणि तोंड पाडलेलं, शाल तिच्या अंगावर आणि ती लाजलेली, आणि मधे तू, शर्यत तूच जिंकल्यासारखी.

परत येताना एसटीत मी तुझ्याशी बोलत नव्हते. तूच बोललीस. "भाताच्या आवणीला दहा बाया ओळीनं वाकतात. त्यातली एक नऊ जणींच्या मागं नुसती उभी राहिली, नि शेवटच्या खाचरात पुढं येऊन म्हणाली, आवणी मी केली, तं तिला भाकर कोण वाढील?" मी म्हटलं, "आई, हा खेळ आहे." "मग खेळली म्हण. जिंकली म्हणू नको." तेव्हा काकी हळूच म्हणाली, "पण शेवटाला पोर काय सुसाट आली गो." तू खिडकीकडं तोंड केलंस. तुला वाटलं मला दिसणार नाही, पण काचेत तुझं हसणं दिसत होतं.

पुढच्या महिन्यात तू त्या मुलीला दोन दिवस जेवायला बोलावलंस. तिची घरची भाषा कन्नड, मराठी मोडकी, तुझी मराठी आपल्याकडची. एकीचं अर्धं बोलणं दुसरीला कळत नव्हतं, पण मी आळशी आहे या मुद्द्यावर तुमचं पहिल्या भाकरीलाच एकमत झालं. ती मांसमच्छी खात नाही म्हटल्यावर तू तिच्यासाठी वालाचं बिरडं केलंस. त्या दोन दिवसांत चुलीपुढचा पाट तिला होता. मी दाराशी.

मग परदेशातल्या टीमचं बोलावणं आलं. थायलंडमधली छोटी टीम, पण पगारी. मी करार घेऊन घरी आले तेव्हा तू तांदूळ पाखडत होतीस. हात न थांबवता विचारलंस, "तिथं पण मागंच राह्याचं?" मी म्हटलं, हो. "शेवटाला तेवढं पुढं यायाचं?" हो. "नि त्याचा महिन्याला पगार देतात?" हो. तू सूप खाली ठेवलंस. "म्हणजे सरकारी नोकरीच की," असं म्हणालीस आणि पहिल्यांदाच माझ्या कामाबद्दल तुला समाधान वाटलेलं मी पाहिलं.

जाताना तू सुकटीच्या चटणीची बरणी दिलीस. ती मी टीमच्या फ्रिजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं आख्खा फ्रिज अंगणात काढून धुतला, कारण त्याच्या मते आत काहीतरी मेलं होतं. माझ्या खोलीतली मुलगी दुसऱ्या खोलीत राहायला गेली. मी ती चटणी बाल्कनीत उभी राहून भाताबरोबर खायचे आणि तुला फोनवर सांगायचे की सगळ्यांना खूप आवडली. तू म्हणायचीस, अजून पाठवू का.

तू गेलीस तेव्हा दुसरं वर्ष चालू होतं, इकडं भातकापणीचे दिवस. मी शर्यतीच्या तिसऱ्या टप्प्यात होते. दादाचा फोन मॅनेजरला सकाळीच आला होता, पण त्यानं मला टप्पा संपल्यावर सांगितलं. मी चौथी आले होते. घरी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. काकीनं मला चहा दिला आणि शहापूरच्या दवाखान्यातली गोष्ट सांगितली. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तुला विचारलं होतं, मुलगी काय करते. तू म्हणालीस, "सायकलवर असते. सगळ्यांच्या मागून येते नि सगळ्यांना मागं टाकते." हे सांगायला तू उठून बसलीस म्हणे, डॉक्टरनं पडून राहायला सांगितलेलं असताना. आई, हे मला एकदा तोंडावर सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? पण तुझं तसं नव्हतंच.

त्याला आता तेरा वर्षं झाली. तू गेल्यावर मी आणखी चार वर्षं सायकल पळवली. शेवटच्या वर्षी पाय मंदावले आणि टीममध्ये एक वीस वर्षांची पोर आली, माझ्यापेक्षा कितीतरी वेगवान. मॅनेजर मला म्हणाला, आता तू पुढं राहायचं, वारा खायचा, हिला दोनशे मीटरपर्यंत आणायचं आणि बाजूला व्हायचं. पहिल्या दिवशी मी एकटी पुढं निघाले आणि त्या वयात मला कळलं की वारा काय चीज असते. छातीवर हात ठेवून कुणीतरी दिवसभर मागं ढकलत होतं. विजापूरच्या मुलीची मला इतकी आठवण आली की रात्री तिला फोन केला. ती म्हणाली, "तुझी आई असती तर आज तुला पाट मिळाला असता." मला बरं वाटलं. त्या मोसमात मी काम चोख केलं. ती पोर दोनदा जिंकली, आणि दोन्ही वेळा शहाळं घेऊन आधी माझ्याकडं धावत आली.

माझी शेवटची शर्यत. सरळ रस्ता, दोन्हीकडं माणसं, दोनशे मीटरची पाटी आली. मला डावीकडं व्हायचं होतं. मी झाले नाही. मी तिसरी आले. ती पोर माझ्या आणि कठड्याच्या मधे अडकून अकरावी. मॅनेजर ओरडत आला तेव्हा मी म्हटलं, गिअर अडकला, तोल गेला असता, बाजूला होता आलं नाही. मेकॅनिकनं अंधार पडेपर्यंत सायकल उलटी करून गिअर तपासला. त्याला काही सापडलं नाही, तेव्हा आपलीच काही चूक झाली असेल या भीतीनं त्यानं सगळाच्या सगळा बदलून टाकला. ती पोर थोडी रडली आणि मग मलाच समजवायला आली. अजून दर वर्षी फोन करते आणि म्हणते, त्या दिवशी गिअर नीट असता तर आपण दोघी जिंकलो असतो. मी हो म्हणते.

हे पत्र टाकायला पत्ता नाही आणि असता तरी मी टाकलं नसतं, कारण तू ते घेऊन स्टेजवर चढली असतीस. वहीतच राहू दे. गिअर नीट होता, आई. मला बाजूला व्हायचं नव्हतं.