पायांना सूज नाही

१ जानेवारी २०२५, बुधवार

पायांना सूज नाही! देवा, थट्टाच करायची होती तर दुसरं घर नव्हतं तुला?

चर्चमध्ये सकाळच्या भक्तीत दरवर्षीसारखं चिठ्ठ्यांचं ताट फिरलं. जी चिठ्ठी हाताला लागेल ते आपलं वर्षभराचं वचन. एकशे चाळीस चिठ्ठ्या मीच लिहिल्या, डिसेंबरात तीन दुपारी बसून, शाईच्या पेननं. यंदा पाळकसाहेबांनी विषय दिला होता — अरण्यातली चाळीस वर्षं. मिसरच्या गुलामीतून सुटलेले इस्राएल लोक, वाळवंट, रोजचं अन्न म्हणून आकाशातून पडणारा मान्ना, खडकातून निघालेलं पाणी. चिठ्ठी दोन बोटांची आणि वचनं हातभर. मग मी अर्ध्यावर कापते, चांगला तेवढा भाग ठेवते. पहिल्या तारखेला वाईट कुणाला वाचायचं असतं?

ताट फिरत होतं तेव्हा मी मागं महिला मंडळाबरोबर चहा गाळत होते. सर्जेराव एकटेच बाकावर. (लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्यांचं नाव मी फक्त ह्या वहीत घेते. तोंडानं अजून ‘अहो’च.) बाहेर आले ते एक चिठ्ठी घेऊन. म्हटलं, माझी कुठंय? तर म्हणे, ‘घराला एक बास झाली की.’

‘चाळीस वर्षांची वाट, तरी तुझ्या पायांना सूज नाही.’ माझंच अक्षर. आणि ह्यांच्या पावलावर अंगठा दाबला तर पडलेला खड्डा मिनिटभर भरत नाही. दोन्ही किडन्या जाऊन तीन वर्षं होत आली.

मी फाडून टाकणार होते. पण घरी येऊन मी पिशवी खाली ठेवेपर्यंत त्यांनी चिठ्ठी लोखंडी कपाटाच्या दारावर डिंकानं चिकटवलीसुद्धा.

१४ जानेवारी, मंगळवार

मशीनचा दिवस. मंगळवार आणि शुक्रवार, चार-चार तास. रक्त बाहेर जातं, धुऊन परत येतं. मी बाहेर बाकड्यावर.

पाणी दिवसाला एक लिटर, गोळ्यांबरोबरचं धरून. त्यांनी बाटलीवर पट्टी चिकटवून पेन्सिलीनं रेघा मारल्या आहेत — सकाळ, दुपार, संध्याकाळ. वर स्वतःचं नाव. एसटीच्या वर्कशॉपमध्ये अठ्ठावीस वर्षं स्टोअर सांभाळलं, कानावर पेन्सिल ठेवायची आणि दिसेल त्या वस्तूच्या मागं नाव-तारीख घालायची खोड काही गेली नाही. छत्रीवर नाव, ड्रमवर तारीख. माझ्या डब्याच्या बुडालाही ‘सुलेखा’.

बाटलीला ते मान्ना म्हणतात. ‘रोजच्यापुरता घ्यायचा, साठवायचा नाय.’ आणि नळाला पाणी आठव्या दिवशी, म्हणून मोरीपासून गच्चीपर्यंत ड्रम भरलेले. त्या सगळ्या पाण्याच्या मधोमध हा माणूस जिभेवर बर्फाचा खडा ठेवून बसतो.

१९ जानेवारी, रविवार

संडे स्कूलला मोशेचा शेवट शिकवला. चाळीस वर्षं त्या कुरकुऱ्या लोकांना सांभाळून आणलं, आणि देवानं त्याला डोंगरावर नेऊन कबूल केलेला कनान देश नुसता लांबून दाखवला. डोळ्यांनी बघ म्हणाला, पण नदी ओलांडून तुला जायचं नाही. का, तर एकदा रागाच्या भरात खडकाला काठी हाणली म्हणून.

संस्कृती, दहा वर्षांची पोरगी, हात वर करून म्हणाली, ‘टीचर, मग काय उपयोग?’

पुढच्या रविवारी सांगते म्हटलं. येत असतं तर आजच सांगितलं असतं.

घरी ह्यांना सांगितलं. म्हणाले, ‘मोशेचं काय, त्याचं झालं. ज्यांना नदी ओलांडायची होती त्यांचं बघ. लई चालायचं बाकी होतं त्यांना.’ मला राग आला. ह्या माणसाला सदा दुसऱ्याचीच काळजी. वर माझ्या पायाकडे बघून म्हणतात, ‘टाच घासलीय तुझी चपलेची. नवी घे.’

११ फेब्रुवारी, मंगळवार

यादीत आता वरच्या चौघांत आहोत! डॉक्टरांनी आज स्वतः सांगितलं. माझी किडनी शुगरमुळं चालत नाही, म्हणून गेलेल्या माणसाची किडनी मिळायची ही यादी. घरात आम्ही तिला कनान म्हणतो. फोन आला की तासाभरात पोचायचं. ‘अंगात ताप नको, छातीत पाणी नको. नाहीतर नंबर पुढच्याला.’

पिशवी भरून दाराशी ठेवली. ह्यांनी तिच्यावरही नाव घातलं.

आपला नंबर यायचा म्हणजे कुणाच्या तरी घरात रडारड व्हायची. प्रार्थनेत मागताना जीभ अडखळते. तरी मागते.

१६ मार्च, रविवार

आज प्रार्थना केली नाही. इच्छाच झाली नाही.

२ एप्रिल, बुधवार

सरूअक्का आल्या सोयगावहून — ह्यांची थोरली बहीण. ‘सर्ज्या किती वाळला गं,’ म्हणत दारातच बसल्या. वाळला कुठं, फुगलाय. पण मला बरं वाटलं. आता मी बाजारात गेले तरी घरात कुणीतरी असेल. येताना एक पाच लिटरचा कॅन घेऊन आल्या. म्हटलं, गावाकडचं पाणी कशाला आणलंत एवढं ओझं? त्यांनी कॅन पदरानं पुसला. देवघरात ठेवावा तसा पलंगाखाली ठेवला.

१५ एप्रिल, मंगळवार

वजन चार किलो वाढलं. चार दिवसांत! मशीनवरचा पोरगा वैतागला. ‘काका, पानी बंद करो बोला था ना? कहाँ से पी रहे हो?’ हे खाली मान घालून बसले.

घरी येऊन मी बाटली तपासली. रेघा बरोबर. म्हटलं, मीठ जास्त होत असेल माझ्या हातून. उद्यापासून भाजी वेगळी.

अरण्यातले लोक कुरकुर करत होते तेव्हा मी लहानपणापासून त्यांना नावं ठेवत आले. आता कळतं. तहानेनं जीभ टाळूला चिकटली की माणूस देवाचे उपकार मोजत बसत नाही. मला तर तहानही नाही, आणि मी दिवसभर कुरकुरते.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

लिहायला हात चालत नाही, तरी लिहिते.

सकाळी मशीन झालं. ह्यांना घरी सोडून मी तीन तासांच्या भक्तीला गेले. येशूच्या वधस्तंभावरच्या सात शब्दांवर सात जण बोलतात. पाचवा शब्द आला — तहान. बोलणाऱ्यांनी तो एकच शब्द तीनदा म्हटला. मला बसवेना. सगळे डोळे मिटून होते, मी चपला हातात घेऊन बाहेर पडले.

दार नुसतं लोटलेलं. सरूअक्का पलंगाशी उभ्या, हातात तांब्या. ह्यांच्या मिशा ओल्या. दोघांनी माझ्याकडे पाहिलं, चोरी पकडलेल्या पोरांसारखं.

‘जहर दिलं का म्या?’ अक्का म्हणाल्या. ‘देवाच्या मान्सानं हात ठिवून प्रार्थना केलेलं पानी हाय ते. बाधत नसतंय. खडकातलं पानी प्याले तवा कोन मेलं होतं, सांग की.’

सोळा दिवस. सोळा दिवस मी भाजीतलं मीठ मोजत होते.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. शेवटी म्हटलं, उद्या पहिल्या गाडीनं सोयगावला जा. त्या रडत पिशवी भरायला लागल्या. हे म्हणाले, ‘तिला नको बोलू. तिनं दिलं, पण प्यालो मी.’ मग मिशा पुसत म्हणाले, ‘त्या प्रार्थनेवर माझा काय विश्वास नव्हता, सुलेखा. तहान होती.’

कॅन मोरीत ओतला. आठव्या दिवशी पाणी येणाऱ्या शहरात.

२३ एप्रिल, बुधवार

दोन दिवस खोकला. रात्री उताणं झोपता येत नाही, उशीला टेकून बसतात. काल जास्तीचं पाणी काढलं मशीननं. आज अंग गरम आहे.

२४ एप्रिल, गुरुवार

दुपारी चार वाजता फोन आला.

किडनी आहे, निघा!

रिक्षात हे पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, ओठ निळे, आणि म्हणतात, ‘चला, कनानला निघालो.’ मी हसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. छावणीतल्या आमच्या घरापासून दवाखान्यापर्यंत मी एकच वाक्य घोकत होते — देवा, तू खरा आहेस, तू खरा आहेस.

ताप एकशे एक. छातीचा फोटो काढला. आत पाणी, फुप्फुसात जंतू. डॉक्टर माझ्याशी बोलताना ह्यांच्याकडे बघत नव्हते. ‘पुढच्या पेशंटला बोलावलंय, बाई. आम्हाला थांबता येत नाही.’

पुढची पेशंट एक पोरगी होती, पंचविशीतली. तिच्या बापाच्या हातात आमच्यासारखीच भरलेली पिशवी. तिला आत नेताना काचेचं दार उघडलं आणि बंद झालं. हे खुर्चीवरून तिकडे बघत होते. म्हणाले, ‘बघितलं की नाय? डोळ्यांनी बघितलं.’

आणि हसले. मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. खरंच वाटली.

मग त्या पोरीसाठी प्रार्थना करू या म्हणाले. केली त्यांनी. मी आमेनसुद्धा म्हटलं नाही.

२८ एप्रिल, सोमवार

ह्यांना दवाखान्यातच ठेवून घेतलंय, तिसरा मजला. औषधं तळमजल्यावर. लिफ्ट नातेवाइकांना बंद. आज अकरा वेळा खाली-वर केलं.

नाकाला नळी आहे, तरी विचारतात, ‘पाय दुखतात का तुझे?’ मी ओरडले — माझ्या पायांचं काय घेऊन बसलात! ते ऐकेनात. स्टुलावर बसून पाय पलंगाच्या कडेला ठेवायला लावला. अंगठ्यानं घोट्यावर दाबलं, थांबले, बघितलं.

‘खड्डा नाय,’ म्हणाले. ‘बरं हाय.’

नर्सबाई हसायला लागली. ‘काका, पेशंट कोन है?’ मला लाजल्यासारखं झालं. पाय काढून घेतला. थोडा वेळ राहू द्यायला हवा होता.

४ मे, रविवार

सर्जेराव गेले. दुपारी सव्वाबारा. भक्ती सुटायची वेळ.

६ मे, मंगळवार

पहाटे उठून डबा केला. बाटलीत लिटरभर पाणी मोजून भरलं. चपला घातल्या. मग आठवलं, आज मशीनला जायचं नाही.

ती बाटली तशीच ओट्यावर आहे. ओतवत नाही, पिववत नाही.

११ मे, रविवार

लोक म्हणतात, प्रभूनं नेलं, प्रभू विश्वासू आहे. पाळकीणबाई म्हणाल्या, महिला मंडळाच्या लीलाबाई म्हणाल्या, सगळे म्हणाले. मी मान हलवते. आत काहीच हलत नाही.

कपाटासमोरून जाताना ती चिठ्ठी दिसते. पायांना सूज नाही. पेटीत ठेवताना त्यांना बूट चढेनात, म्हणून मोजेच घातले. हे वचन माझ्या हातानं लिहिलं मी! कुणाचं खोटं म्हणू? माझं की तुझं?

सरूअक्का अजून इथंच आहेत. मातीला आल्या, राहिल्या. आज भाकरी थापता थापता म्हणाल्या, ‘म्याच मारलं माझ्या भावाला.’ मी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. तव्यावरची भाकरी करपली, ती मी उलटली, एवढंच.

जेवायला मात्र दोघी एका ताटात बसलो. का ते मला ठाऊक नाही.

१८ मे, रविवार

संडे स्कूलला जाणार नाही असं कळवलं होतं. संस्कृती घरी आली, आईबरोबर. जाताना म्हणाली, ‘टीचर, तुम्ही सांगणार होता. मोशेचं.’

म्हटलं, बाळा, मला अजून येत नाही.

१९ मे, सोमवार

त्यांच्या चष्म्याच्या घरात एक चिठ्ठी सापडली. घडी घालून, तळाशी. माझं अक्षर — ‘तो देश तुला तुझ्या डोळ्यांनी दिसेल.’ अर्ध्यावर कापलेलं, चांगला भाग ठेवून. पुढचं, नदी ओलांडायची नाही ते, त्यांना पाठ होतं. मागं पेन्सिलीनं लिहिलेलं — सर्जेराव, १/१/२५.

उठले. कपाटावरची चिठ्ठी ओल्या फडक्यानं भिजवली, नखानं सोडवली. माझी शाई फुटली, वचन वाचता येईना. पेन्सिल तशीच होती. मागं — सुलेखा, १/१/२५.