बाबा, घरातलीच पोरं राहिली

ती. बाबा,

साष्टांग नमस्कार लिहायला हात गेला आणि अडला. तुम्हाला जाऊन सव्वा वर्ष झालं. नमस्कार पोचवायचा कुठे? पण आज कुणाशी तरी बोलल्याशिवाय मला राहवणार नाही, आणि जे बोलायचं आहे ते तुमच्याशीच आहे.

आज सकाळी मागच्या गल्लीत दूधवाल्याच्या दारावर कडुनिंबाचे डहाळे लटकलेले दिसले. त्याची बायको आतूनच ओरडली, "दूर से ही जाओ बाई, छोरी को माता निकली है!" मी रिकामं पातेलं घेऊन पळतच घरी आले. विनू, तुमचा नातू, अंगणात रांगत होता. दहा महिन्यांचा झालाय आता. त्याला उचललं, बाही वर करून दंड बघितला. कोरा! कोरा आहे हे मलाच तर ठाऊक, तरी दोनदा बघितला.

हो बाबा. जन्मभर देवी टोचत हिंडलेल्या माणसाच्या मुलीने स्वतःच्या लेकराला अजून देवी टोचलेल्या नाहीत. रागवा मला!

पण मग मीही रागवेन.

संस्थानच्या दरबारची नोकरी तुमची. लशीच्या नळ्या, स्पिरिटची बाटली आणि सुई एका पेटीत, ती पेटी सायकलला बांधलेली. सगळ्या तालुक्यात तुम्ही टीकेवाले बाबूजी! एकदा मला पुढच्या दांडीवर बसवून नेलं होतंत. त्या गावातल्या बायका पोरांना घेऊन ज्वारीत लपल्या होत्या. तुम्ही एका ओट्यावर बसलात, पाणी मागितलंत, म्हाताऱ्या पटेलणीच्या गुडघ्याची चौकशी केलीत, तिच्या म्हशीचीसुद्धा केलीत. तासाभराने तीच उठली आणि शेताकडे तोंड करून म्हणाली, "आ जाओ री, बाबूजी तो अपने ही हैं!" केवढ्या ताठ मानेने बसले होते मी परतताना!

दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांशी बोलता येत होतं तुम्हाला. आपल्या आजीपुढेच जीभ का हलली नाही?

त्याचं कारण आईने मला पुढे सांगितलं. तुमच्या थोरल्या भावाला लहानपणी देवी टोचल्या, हात पिकला आणि तो गेला. मी जिवंत आहे तोवर या घरातल्या लेकराला सुई लागणार नाही, अशी शपथ आजीने तुम्हाला घातली. आजी दुष्ट नव्हती. घाबरलेली होती. पण तुम्हाला तर माहीत होतं ना, की तेव्हा एकाच न धुतलेल्या सुईने सगळ्यांना टोचायचे! हेच तर तुम्ही गावोगाव समजावत होतात!

ती दुपार तुम्हाला आठवत असेल का? असणारच. मी दहा वर्षांची, धाकटा अण्णू चारचा. देशाचा झेंडा बदलून वर्षही झालं नव्हतं, दरबार जाऊन मध्यभारत होणार म्हणून तुमच्या कचेरीत सगळे चिंतेत. शहरात साथ होती. आजी राम घाटावर कथा ऐकायला गेली आणि तुम्ही आम्हा दोघांना मागच्या खोलीत बोलावलंत. माझी बाही वर केलीत. स्पिरिटचा बोळा फिरवलात, केवढा गार!

"सुमे, मुंगी चावेल एवढंच. रडायचं नाही."

"मी नाही रडत. अण्णू रडेल."

तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली. आजी लवकर परतली होती. तुम्ही सुई हातात धरून दाराकडे बघत राहिलात. मग बाटलीला बूच लावलंत.

"उद्या बघू," म्हणालात.

दोन मिनिटांचं तर काम होतं, बाबा!

पंधरा दिवसांत अण्णूला ताप भरला, मागोमाग मला. तो नवव्या दिवशी गेला. मी राहिले, हा असा चेहरा घेऊन. पुढच्याच आठवड्यात तुम्ही पेटी सायकलला बांधून बाहेर पडलात. इतरांच्या चार वर्षांच्या मुलांचे दंड कसे धरलेत हातात? आजीने शपथेचा विषय पुन्हा काढला नाही. तुम्हीही नाही. घरात त्यावर कुणी एक शब्द बोललं नाही, आणि मी तेरा-चौदा वर्षांची झाल्यावर ओढणी नाकापर्यंत ओढून शाळेत जायला लागले, त्यावरही नाही.

आणि तो फोटो! लग्नासाठी पाठवायचा म्हणून टावर चौकात नेलंत. फोटोवाला तुमच्या कानाशी लागला, "बाबूजी, दाग मिटा दूँगा, पता भी नहीं चलेगा." तुम्ही म्हणालात, "नहीं भाई, बच्ची जैसी है वैसी ही आने दो." घरी येईपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही. स्वतःची चूक झाकायची नाही म्हणून माझे वण उघडे ठेवलेत? की मी तुम्हाला तशीच आवडत होते? विचारायला हवं होतं मी. तुम्ही होतात तेव्हाच विचारायला हवं होतं.

त्याच फोटोवरून माईंनी, माझ्या सासूबाईंनी, मला पसंत केलं. फार माया करतात. बाळंतपणात माझ्या केसांना तेलसुद्धा त्यांनीच लावलं. विनूच्या टोचण्याचं काढलं की म्हणतात, "अगं, दात येताहेत. शीतला सप्तमी होऊन जाऊ दे." मी "बरं, माई" म्हणते. दोन महिने झाले बरं म्हणतेय! जीव लावणाऱ्या माणसापुढे गप्प बसणं किती सोपं असतं, ते मला आता कळतंय, बाबा. कळलं म्हणून तुमच्यावरचा राग काही गेलेला नाही.

हे रेल्वेच्या ड्यूटीवर नागद्याला, परवा येतील. उद्या नगरपालिकेच्या शाळेत टीकेवाला बसणार. माई सकाळी घाटावर गेल्या की विनूला गुपचूप नेऊन आणायचं, असं मी दिवसभर घोकत होते. गुपचूप! माझं मलाच...

थांबा. माई उठल्या.

*

बोलले, बाबा.

त्या सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. मी विनूला कडेवर घेऊन समोर उभी राहिले. "माई, उद्या मी याला देवी टोचायला नेणार आहे."

"अगं, पण दात..."

"दात येऊ देत. दूधवाल्याच्या मुलीला देवी आल्यात."

त्यांचा हात थांबला. "ताप आला म्हणजे?"

"येईल एक-दोन दिवस. मी आहे ना."

"आणि काही भलतंच झालं तर?"

मग मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. टोचणारा माणूस घरात असून आम्ही दोघंच टोचायची कशी राहिलो ते. माझा भाऊ देवीने गेला एवढंच त्यांना ठाऊक होतं. माई माझ्याकडे बघत राहिल्या, मग विनूकडे. सूप बाजूला सारून उठल्या.

"त्याच्या झबल्याच्या बाह्या घट्ट आहेत," म्हणाल्या. "दंडाला घासतील. माझ्या जुन्या लुगड्याचं सैलसं शिवते."

आत्ता पलीकडे शिवत बसल्यात. मला मात्र चैन नाही. रांग किती असेल? लस संपली तर? त्या गल्लीतून आजवर किती वेळा दूध आणलं, त्याचं काय? उद्या टोचून झाल्यावर तरी मन थाऱ्यावर येईल का, ठाऊक नाही.

पण बाबा, एक शब्द देते. विनू समजता झाला की त्याला अण्णूमामा कोण होता ते सांगीन आणि तो कसा गेला तेही. तुम्हाला त्यातून वगळणार नाही. तो तुमच्यावर रागावला तर रागावू दे. आपल्या घरात यापुढे त्याबद्दल बोललं जाईल.

तुमची,
सुमी