बरा झाला तो पांडा दुसरा

प्रिय सुकराज भाऊजी,

आशीर्वाद. दमकच्या उकाड्यात तुमचा गुडघा बरा असेल (इथे धुक्यात माझे दोन्ही कुरकुरतात, पण विचारतो कोण). जाऊबाईंसाठी आंबवलेल्या सोयाबीनचा वाळवलेला किनेमा पाठवला आहे, पुडी नाक धरून उघडा.

आता माझा वैताग ऐका. आमच्या वनसमितीचे अध्यक्ष तिलविक्रम यांनी रेडिओवर ऐकलं की पांडा आता तेवढा धोक्यात नाही. झालं! तोंगबाचा पहिला घोट उतरायच्या आत सभा बोलावली. हाब्रे वाचला, आता वरचं मालिंगो बांबूचं बन तोडू या! (हाब्रे म्हणजेच पांडा, हे त्यांना शिकवलं तुमच्या दादांनीच. पाहुण्यांना कळावं म्हणून वेशीवर 'पांडा गाव' लिहून घेतलं, आणि रंगाऱ्याने खाली काळंपांढरं अस्वल काढून ठेवलं.)

मी दादांचं पुस्तक घेऊन उठले. ते गेल्यापासून चूल उशिरा पेटली तरी चालते, त्यामुळे वाचन वाढलंय. म्हटलं, रेडिओवरचा तो चीनचा, अस्वलाच्या कुळातला. त्याची संख्या वाढली म्हणून धोक्याच्या यादीत त्याला 'संकटग्रस्त'मधून एक पायरी खाली, 'असुरक्षित'मध्ये घातलंय. आपला तांबडा, मांजराहून जरासा मोठा हाब्रे निराळ्या कुळातला, आणि तो अजून संकटग्रस्तच. दोघांत सारखं काय, तर बांबू खाणं आणि नाव. तेही आधी आपल्याचं, मग त्या अस्वलाला चिकटलं.

अध्यक्ष म्हणतात, "वहिनी, पांडा तो पांडा. भाऊबंदच असणार!"

"गावात माडेन आडनावाचे म्हातारे दोन," मी म्हटलं. "एक बरा होऊन घरी आला, म्हणून दवाखान्यातल्या दुसऱ्याची सलाईन काढता का?"

सभा हसली. अध्यक्ष हसले नाहीत. दवाखान्यातले माडेन त्यांचे सासरे. (हे मला बोलल्यावर आठवलं.)

शेवटी ठरलं असं, की हाब्रे रानात आहे हे रोज वर जाऊन बघणारा कोणी मिळाला तर बन राहील, नाहीतर शनिवारी कोयते. राखणदाराची जागा दादांनंतर रिकामीच आहे. एवढ्या गावात एकही पुरुष उठला नाही. सगळ्यांचे गुडघे एकदम दुखायला लागले.

तुमची वहिनी,
इंदुहांगमा

ता. क. राखणदार मिळाला. मीच.

ता. क. दुसरा. सुतक फिटल्यावर दादांचे बूट तुम्ही पायात घालून गेलात, ते शनिवारच्या आत परत पाठवा. तुम्हाला ते चावतात, असं जाऊबाईंनी लिहिलंच आहे. मला मोठे होतील. दोन मोजे घालीन. आणि टाचेचा चिखल अजून राहिला असेल तर पुसू नका. तो वरच्या वाटेचा आहे.