खणातला मामा

आये,

तुला वाचता येत नव्हतं, आणि तरी आपल्या घरात पेपर सगळ्यात आधी तुझ्याच हातात जायचा. बा शहापूरच्या रेस्ट हाउसचा चौकीदार. जंगल खात्याचे साहेब डोळखांबच्या रानात फिरतीला जाताना तिथे मुक्काम करायचे आणि सोबत आणलेला इंग्रजी पेपर तिथेच टाकून जायचे. साहेबाची गाडी फाटकाबाहेर पडली रे पडली की तू झाडू घेऊन आत. झाडायची तुला कसली घाई, शेवटच्या पानावरची चित्रं बघायची असायची. बा दारातून विचारायचा, "झाडाया गेलीस का शाळंत गेलीस?" आणि तू आतून ओरडायचीस, "दोनी करतेय. तुमच्यासारखा एका कामाला दिस नाय लावत." मग तो पेपर पदराखाली धरून तू मागच्या आपल्या खोलीत यायचीस. चोरून नव्हे, चांगली ऐटीत. एखादा मोठा दागिना घरी आणावा तशी.

आपल्या स्वयंपाकाच्या खोलीला कारवीचा कूड होता. सारवण सुटून मातीचे पोपडे थेट आमटीत पडायचे, म्हणून तू पेजेची खळ करून कुडावर पेपर चिकटवायचीस. मुळात कारण एवढंच. पण बाकीची पानं तू कशीही, उलटीसुलटी लावायचीस, आणि चित्रांची पट्टी मात्र चुलीसमोर, बसल्या जागी नजर जाईल अशी. एका ओळीत चार-पाच चौकोन आणि त्यांत तीच तीच माणसं. तू त्या चौकोनांना खण म्हणायचीस. कपाटाला खण असतात, घराला असतात, तशी ही खणातली माणसं. एक लांबुडका गडी, डोक्यावर बारकी टोपी, पायांत होडीएवढे बूट. त्याच्यासोबत केसाळ असं काहीतरी चार पायांचं. ते कुत्रं आहे असं बा शपथेवर सांगायचा आणि तू ते करडू आहे म्हणून अडून बसायचीस. दर खेपेला तो गडी नवं काम धरायचा. कधी भिंत रंगवायचा, कधी पाव भाजायचा, कधी कुणाचं तरी पियानोएवढं कपाट जिन्यावरून उतरवायचा, आणि शेवटच्या खणात आपटायचा. पुढच्या पेपरात पुन्हा उभा, टोपी जागच्या जागी.

तू मला ते सांगायचीस, भाकरी थापता थापता, पिठाचा हात हवेत धरून. "हा बघ, निगाला. बायको आवाज देतेय, पन आयकतो काय तो? आता बघ हां, हिकडं जिना हाय आन् हा बघतोय तिकडं." आणि तो पडला की मी खो खो हसायचे. एकदा तू मला त्यावरून फटकारलंस. "हसतेस काय गो? लागलं आसंल त्याला." मी चपापले. चित्राला कसलं लागतंय, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण तुझा चेहरा बघून मी भाकरीचा तुकडा तोंडात कोंबला. खणातला तो माणूस तुझ्यासाठी कोण आहे हे मला त्या दिवशी कळलं. त्याच्यानंतर आपण दोघी त्याला उघडच मामा म्हणायला लागलो.

खरा मामा मी पाहिलाच नव्हता. तुझ्या पाठचा एकुलता भाऊ, मुरबाडकडचा, माझ्या जन्माच्या आधी मुंबईला गोदीत गेला, तिथून कोळसा ओढायला बोटीवर. बोटीवर चढल्याचा निरोप एका गाववाल्याच्या तोंडी आला आणि मग काहीच नाही. त्याचा फोटो नव्हता. तू सांगायचीस की चालताना त्याचा डावा खांदा खाली पडायचा, खांद्यावर कायम कावड असल्यागत. तो लांबुडका गडीही अगदी तसाच चालायचा, हे मलाही मान्य करावं लागलं. आणि एका पेपरात तर तो बोटीवरच निघाला, गळ्यात रुमाल बांधून, हातात फावडं. तू चुलीवरचा तवा तसाच ठेवून उठलीस. भाकरी जळाली तरी तुझं लक्ष नाही. तुला वेड लागलं होतं असं कुणी म्हणेल तर मी त्याच्याशी भांडेन. ते चित्र आहे हे तुला पुरतं ठाऊक होतं. कुणीतरी साहेब बसून काढतो, हेही बाने तुला सांगितलं होतं. पण त्या काढणाऱ्याने कुठेतरी, कुठल्यातरी बंदरावर, ते चालणं बघितलं असेल की नाही, एवढंच तुझं म्हणणं. 

आणि ती वाफ. माणसांच्या तोंडाजवळ ते पांढरे फुगे काढलेले असायचे ना, खाली शेपटी असलेले, आत काळी काळी अक्षरं. बा म्हणाला, त्यात तो काय बोलतो ते लिहिलेलं असतं. तू ते उडवून लावलंस. "बोलनं कदी दिसतंय व्हय? वाफ हाय ती. जित्या मानसाच्या तोंडातनं निगते." दुसऱ्या दिवशी पहाटे थंडी मरणाची होती. तू मला गोधडीतून उठवून अंगणात नेलंस आणि म्हणालीस, बोल. काय बोलू, म्हणून मी विचारलं, आणि तेवढ्यावरच माझ्या तोंडापुढे पांढरा फुगा उभा राहिला. तुझ्याही तोंडापुढे. आपण दोघी तिथे उभ्या राहून काहीबाही बोलत होतो, नुसता तो फुगा निघावा म्हणून, आणि तू पोरीसारखी हसत होतीस. तेव्हापासून पेपर आला की तू आधी मामाचं तोंड बघायचीस. वाफ आहे ना, मग ठीक.

मग आजा आला, तुझा बा. मुरबाडकडून काळू नदी उतरून, सापगावला भातसा उतरून, या वयात चालत. पाणी प्यायला आणि म्हणाला, "बारा वरसं झाली, पोरी. आता त्याचं करून टाकू." बारा वर्षं ज्याचा पत्ता नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळायचा, म्हणजे तो सुटतो आणि घरही सुटतं. आजाच्या घरी दोन गुरं मेली होती, भगताने बोट मामाकडे दाखवलं होतं. तू भांडी घासत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "जित्याला जाळायचा?" आजाने विचारलं, जिता आहे हे तुला कुणी सांगितलं. तू तवा आणखी जोरात घासायला लागलीस. काय सांगणार होतीस? आपली रीत अशी की पुतळ्याला अग्नी द्यायच्या आधी बहिणीने शिवेवर उभं राहून तीनदा हाक मारायची. ओ आली नाही तरच जाळायचं. बहीण नसेल तर गोष्ट वेगळी, पण असताना तिच्याशिवाय होत नाही. म्हणजे सगळं तुझ्यावर येऊन थांबलं होतं, आणि तू नाही म्हणालीस. आजा जेवला नाही, तसाच परत गेला.

आठ-पंधरा दिवसांत मामी आली, एकटी. आजानेच पाठवली असणार, तुझं मन वळवायला. कपाळावर एवढं मोठं कुंकू, हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. तू तिला चुलीपाशी बसवलंस आणि कुडाकडे बोट केलंस. म्हणालीस, "चालनं बघ." मामीने बराच वेळ बघितलं. आणि मग ती हसली, आये. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलेपर्यंत हसली आणि म्हणाली, "ताय, ही तर त्यांचीच चाल. उंबऱ्यात आसंच आडकून पडायचे." रात्री तुम्ही दोघी एकेक खण बघत बसलात, तिने त्या करडाचं नावसुद्धा ठेवलं. सकाळी ती गेली ती निरोप घेऊनच, की नणंद तयार नाही. जाताना तिची पावलं हलकी पडत होती.

लढाई सुरू झाली तसा पेपर बारीक होत गेला. एकदा आला त्यात पट्टी होती, पण तीनच खण, आणि शेवटच्या खणात मामा पाठमोरा रस्त्याने चाललेला. तोंड दिसत नाही. फुगा नाही. तू ते पान उजेडात नेलंस, तिरकं करून बघितलंस, पुसट छापलं गेलं असेल म्हणून बोट ओलं करून फिरवलंस. "वाफ नाय," एवढंच म्हणालीस. पुढच्या पेपरात पट्टीच नव्हती. त्याच्या पुढच्यातही नाही. तुझ्या हट्टाने बाने लाजत लाजत साहेबाच्या बटलरला विचारलं. तो म्हणाला, लढाईमुळे कागदाची टंचाई आहे, चित्रं बंद केलीत. "कागद नाय म्हनून मानूस नाय व्हय?" तू बाच्या अंगावर खेकसलीस. तरी पावसाळाभर वाट बघितलीस. भाद्रपदात आजाकडे निरोप तूच धाडलास.

आजाच्या गावच्या शिवेवर मी तुझ्याबरोबर होते. संध्याकाळ होती, भातं पोटऱ्यात आलेली. तू मामाच्या नावाने हाक मारलीस, आणि थांबलीस. दुसरी मारलीस, थांबलीस. तिसऱ्या हाकेला तुझा आवाज फाटला, आणि तिच्यानंतर तू इतका वेळ कान देऊन उभी राहिलीस की आजाला तुझ्या दंडाला धरून सांगावं लागलं, "नाय देत ओ. चल." मागे पुतळा पेटला. मामीच्या बांगड्या दगडावर फुटल्या तो आवाज मी अजून कुठेही काच फुटली की ऐकते. शहापूरला परत आल्यावर तू शेण-माती कालवलीस आणि चुलीसमोरचा सगळा कूड सारवून टाकलास, पट्ट्यांसकट. पण उन्हाळा आला की सारवण सुटायचं, आणि कुठे बूट दिसायचा, कुठे अर्धी टोपी. तू पुन्हा हात फिरवायचीस. मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवायला शिकले.

त्याच वर्षीच्या थंडीत बटलरने कंदिलाची काच कागदात गुंडाळून दिली. तू कागद सोडलास, आणि काच जमिनीवर ठेवून तो उजेडात नेलास. त्यात मामा होता. बाकावर बसून बुटाची नाडी बांधतोय, मान जराशी वळलेली, आणि तोंडाजवळ ठसठशीत पांढरी वाफ. पुतळा जाळून तीन महिने झाले होते. तुझा चेहरा मी बघितला, आये, तसा चेहरा मी कुणाचा पुन्हा बघितला नाही. बा घाबरून सांगत सुटला, अगं जुना पेपर आहे, पिवळा पडलाय बघ, लढाईच्या आधीचा. तू ते धरून ठेवलंस. बुडत्याने धरावं तसं. "आदीचा हाय," तू म्हणालीस, "जिता व्हता तवाचा." तेवढा एक खण कातरून तू तुझ्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलास. भावाचा फोटो म्हणून. पेटी उघडलीस की दर वेळी मी ऐकायचे, "आदीचा हाय." मरेपर्यंत तू ते म्हणत होतीस. शेवटी शेवटी पेटी न उघडताही.

पेटी माझ्याकडे आली. मी मास्तरीण झाले, पोरांच्या पुस्तकांवरून इंग्रजीही शिकले, पण त्या झाकणावरचा फुगा कधी वाचला नाही. न वाचायचं ठरवलं होतं असं नाही. माझ्या लेखी ती वाफच होती, तिच्यात अक्षरं आहेत हे डोळ्यांना दिसतच नव्हतं. या महिन्यात मोतीबिंदू काढला. डॉक्टरने चष्मा दिला आणि मी हौसेने घरातलं सगळं वाचत सुटले, डबे, औषधं, कॅलेंडर. पेटी उघडली आणि तेही वाचलं गेलं. चारच इंग्रजी शब्द आहेत. नाडी बांधता बांधता मामा विचारतोय, मला कुणी हाक मारली का?

ते विनोदाने लिहिलंय, मला कळतं. पुढच्या खणात बायको असेल, किंवा कपाट डोक्यावर पडत असेल. पण पुढचा खण तू कातरून टाकलास, आणि मी गेले कित्येक दिवस संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी उगीचच दाराशी जाऊन उभी राहते.

मी जन्मभर अक्षरं शिकवली. मुरबाडच्या पाड्यांवर अंगठा उठवणाऱ्या बायांचे हात धरधरून त्यांना नाव लिहायला लावलं, आणि दर वेळी मनात यायचं की हे माझ्या आयेला मिळायला हवं होतं. हे पत्र तुला पोचवायची सोय असती तरी मी ते धाडलं नसतं, कारण तू ते कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंस. आज पहिल्यांदा मला बरं वाटतंय, आये, की तुला वाचता येत नव्हतं.