चारुताच्या नावाचा कागद

क्युपर्टिनो,
१४ जून २००८

प्रिय रेखा,

तुझा परवाचा फोन झाल्यापासून हे पत्र मी तीनदा सुरू केलं आणि तीनदा फाडलं. आता चौथ्यांदा बसलेय, तेही गाडीत. इशिताचा ड्रायव्हिंगचा क्लास दीड तास चालतो आणि तेवढा वेळ या पार्किंगमध्ये मला दुसरं काही करता येत नाही. घरी असले की मी ओटा पुसते, कपड्यांच्या घड्या घालते, फ्रीज आवरते, पण लिहीत नाही. इथे पळायला जागा नाही. ई-मेल का नाही केलीस, असं विचारशील. ते शेवटी सांगते. आधी एवढंच सांगते, की पाच वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये मी तुझ्याशी खोटं बोलले. ते खोटं चारुताच्या शाळेबद्दल होतं. हे वाचून तू माझ्याशी बोलणं टाकलंस तर मला तक्रार करायला तोंड नाही.

रेडिंगचं घर आठवतं ना? तुम्ही वर, आम्ही खाली. तू कोथिंबिरीला सांबार म्हणायचीस आणि मी नाशिकची शहाणी, दर वेळी हसायची. रविवारी तुझा वडाभात व्हायचा तेव्हा आमचा प्रल्हाद कढत तेलाची फोडणी ओतून घ्यायला ताट घेऊन जिन्यातच उभा राहायचा. पोरी तर दोन महिन्यांच्या अंतराच्या, इशिता मार्चची, चारुता मेची, एकाच वर्गात. तुझी पोरगी हुशार. स्पेलिंगमध्ये ती पहिली, पोहण्यात ती पहिली, नाटकात ती राणी आणि माझी राणीच्या मागची दासी. इशिताला त्याचं काही नव्हतं गं. घरी येऊन कौतुकानं सांगायची की चारुता काय मस्त बोलली. ते कौतुक मलाच टोचायचं. आणि तू कधी मिरवलं नाहीस. मिरवलं असतंस तर मला सरळ तुझा राग करता आला असता. तू उलट इशिताचं अक्षर बघून चारुताला म्हणायचीस, बघ, शीक जरा.

मग कंपनीनं दोघांच्याही नवऱ्यांना एडिंबराला पाठवायचं ठरवलं. घरं आणि शाळा बघायला आम्ही आधी गेलो. निघताना तू चारुताचे रिपोर्ट, जन्मदाखला, सगळं एका निळ्या फायलीत घालून दिलंस, वर चिवड्याचा डबा, आणि म्हणालीस, शैला, तूच विचारून ये बाप्पा, मला तिकडच्या बायकांचं बोलणं झेपत नाही, जे इशिताचं तेच आमच्या पोरीचं. हे तुझं वाक्य मला शब्दन् शब्द पाठ आहे. माझ्यासारख्या बाईवर एवढा भरवसा टाकताना तुला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

प्रल्हाद त्या दिवशी ऑफिसात होता, शाळेत मी एकटीच गेले. हेडबाई फार चांगल्या होत्या. चहा दिला, सावकाश बोलल्या. म्हणाल्या, इंग्लंडात प्राथमिक शाळा सहा वर्षांची, आमच्या स्कॉटलंडात सात. वर्ग ठरवायची वयाची रेघही वेगळी, तुमच्याकडे सप्टेंबरची, आमच्याकडे मार्चची. त्यामुळे तिथे प्राथमिक संपवलेल्या या दोन्ही मुली वयानं आमच्या प्राथमिक सातवीत बसतात. माझं ऐकाल तर दोघींना इथेच घाला, एकत्र राहतील, घाई कशाला. पण त्यांचं तिथलं प्राथमिक पूर्ण होतंय, तेव्हा आईवडिलांना वाटलं तर मोठ्या, म्हणजे माध्यमिक शाळेसाठी विनंती करता येईल. जूनअखेर अर्ज आला तर ऑफिस विचार करेल. मग त्यांनी दोन कागद काढले, एकावर पेन्सिलनं इशिताचं नाव लिहिलं, दुसऱ्यावर चारुताचं, स्पेलिंग मला विचारून, आणि म्हणाल्या, हा दुसरा तुमच्या मैत्रिणीला द्या, निर्णय तिचा तिला घेऊ दे.

रेखा, तो दुसरा कागद मी तुला दिला नाही. निळी फाईल परत केली तेव्हा तो माझ्या पर्समध्ये होता. तुला सांगितलं की तिकडचा नियमच तसा आहे, दोघींना प्राथमिकमध्ये आणखी एक वर्ष बसावं लागणार, कुणाचं काही चालत नाही. तू जरा हिरमुसलीस, मग म्हणालीस, जाऊ दे, दोघी संगतीनं आहेत ना. आणि मी खाली येऊन इशिताचा अर्ज भरला. प्रल्हादला सांगितलं की तुम्ही सातवीच पसंत केलीत. तो आणि तुझा चारुदत्त याबद्दल कधी बोलतील ही भीती नव्हती. त्या दोघांना मुली कितवीत आहेत असं कुणी विचारलं असतं तर बोटं मोजावी लागली असती. का केलं म्हणशील तर कारण फार लहान आहे, इतकं लहान की लिहायची लाज वाटते. एक वर्ष, फक्त एक वर्ष, माझी मुलगी तुझ्या मुलीच्या पुढे असावी. चारुताला अर्ज मिळाला असता तर तीही गेली असती आणि तिथेही पहिली आली असती.

जुलैमध्ये रेडिंगच्या शाळेनं मुलांना निरोप दिला. पोरींनी पांढऱ्या शर्टांवर सगळ्या वर्गाच्या सह्या घेतल्या. चारुतानं इशिताच्या पाठीवर लिहिलं होतं, तुझ्याकडून सही घेत नाही कारण आपण बरोबरच जातोय. मी तुझ्या शेजारी उभी राहून ते वाचलं आणि टाळ्या वाजवल्या.

ऑगस्टमध्ये आपण सगळे एडिंबराला आलो आणि इशिताला मोठ्या शाळेत घेतल्याचं पत्र आलं तेव्हा तुला काय सांगायचं ते माझं तयार होतं. इशिता मार्चच्या चार तारखेची, रेघ एक मार्चची, तीन दिवसांचं काय, ऑफिसनं आपणहून ॲडजस्ट केलं, चारुता मात्र पार मेची. तारखांचा तो घोळ कुणाला कळत होता? तुला पटलं. चारुताला तूच जवळ घेऊन समजावलंस, की तू धाकटी आहेस ना म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पुरणाच्या पोळ्या घेऊन आलीस, इशिता मोठ्या शाळेत गेली म्हणून. मी त्या खाल्ल्या. तूपही घेतलं वरून. नंतर ताटल्या धुताना तू सहज म्हणालीस, पोरगी विचारत होती, मी नापास झाले का. मी म्हणाले, काहीतरीच, एका वर्षानं काय होतंय. आणखी एकदा तू म्हणालीस, ती हेडबाई मला चॉइस-चॉइस काहीतरी बोलत होती, मी आपलं यस यस केलं. चोराच्या मनात चांदणं, मी सबब जुळवायला लागले. तू मात्र तेवढ्यात भाजीला काय करू विचारायला लागलीस.

आता इशिताचं ऐक, जे मी तुला कधी सांगितलं नाही. साडेअकरा वर्षांची पोर, ब्लेझरच्या बाह्या बोटांपर्यंत, वर्गातल्या मुली तिच्यापेक्षा हातभर उंच. वर्षभर तिनं डबा लायब्ररीच्या जिन्यात खाल्ला. घरी सांगायची, इट्स फाइन. दोन्ही शाळांच्या मध्ये एक कुंपण होतं, आठवतं? तिकडे चारुता पहिलीच्या पिल्लांना हाताला धरून मैदानात न्यायची. सातवीच्या मुलांना तिथे लहानांची काळजी घ्यायचं काम असतं. इशिता कुंपणापाशी उभी राहून ते बघायची. एकदा मी तिला आणायला गेले तर ती तिथेच होती. गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, आई, मी तिच्याबरोबर का नाही? मला तिथे का नाही बसवलं? त्या वेळी खरं सांगितलं असतं तर निम्मं पाप फिटलं असतं. मी काय सांगितलं ते आता वाच. मी म्हणाले, रेखामावशीनं मुद्दाम चारुताला मागे ठेवलं, म्हणजे तिचा नेहमी पहिला नंबर येईल, तिला तुमच्या मैत्रीपेक्षा नंबर मोठा वाटला. माझंच माप तुझ्या पदरात घातलं आणि मी नामानिराळी राहिले.

इशिता चारुताशी बोलायची बंद झाली ती त्या दिवसापासून. तू मला दोनदा विचारलंस, पोरींचं काही बिनसलंय का. मी म्हणाले, वयच तसं आहे. आम्ही इकडे आलो, चारुताची पत्रं आली, वाढदिवसाची कार्डं आली, इशितानं एकाचंही उत्तर दिलं नाही, आणि मीही तिला दे म्हटलं नाही. तुझे फोनही मी हळूहळू कमी करत आणले. तू समजलीस, शैला अमेरिकेत जाऊन मोठी झाली. तसं काही नव्हतं गं. तुझा आवाज मला ऐकवत नव्हता.

आणि इथली गंमत ऐक. आम्ही आलो तेव्हा शाळेतल्या बाईंनी इशिताची जन्मतारीख बघितली आणि इथली सातवी, म्हणजे पुन्हा तिच्याच वयाच्या मुलांचा वर्ग, लिहून मोकळ्या झाल्या. मी चार कागद पुढे केले, मोठ्या शाळेत एक वर्ष झालंय म्हटलं. त्या म्हणाल्या, हो का, छान, आणि फाईल बंद केली. इशितानं दारातून बाहेर पडताना मोठा श्वास सोडला, तो मी ऐकला. ज्या वर्षासाठी मी एवढं केलं ते असं एका मिनिटात संपलं. पुढे ऐक. शेजारची चारचौघांत शहाणी समजली जाणारी आश्लेषा, तिनं आपल्या मुलाला मुद्दाम एक वर्ष उशिरा शाळेत घातलं, म्हणजे तो वर्गात मोठा राहील, धीट होईल. सगळ्या बायका तिचं कौतुक करत होत्या. मी चहाचा कप घेऊन उठले आणि बाथरूममध्ये जाऊन बसले.

बाकी आमचं बरं चाललंय. प्रल्हादचे केस गेले, पोट आलं. इशिता उंच झालीय, फोटोत दिसली असेलच. अभ्यासात मध्यम आहे आणि मला त्याचं आता खरंच काही वाटत नाही. वाटणारी बाई एडिंबरातच राहिली असं म्हणायला आवडलं असतं, पण ती अजून अधूनमधून डोकं वर काढते.

आता हे पत्र का, ते सांगते. पोरींनी मार्चमध्ये कॉम्प्युटरवर एकमेकींना शोधून काढलं हे तुला माहीत आहे. चारुतानं तिला सुट्टीत तुमच्याकडे बोलावलं, तू फोनवर म्हणालीस, पाठव गं तिला, माझीच लेक आहे. तिकीट काढलं त्या संध्याकाळी इशिता माझ्याशेजारी बसून मटार सोलत होती. मधेच म्हणाली, मॉम, रेखामावशीनं तेव्हा जे केलं ना, आय हॅव फरगिव्हन हर, तू टेन्शन घेऊ नकोस, मी तिथे विषय काढणार नाही. रेखा, माझी पोरगी तुला माफ करून तुझ्या दारात येतेय. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नंतरही रोज बोलायला हवं होतं, गाडीत, जेवताना, कितीदा तोंड उघडलं आणि भाजी वाढू का एवढंच विचारलं. तिला मराठी सगळं समजतं, वाचता मात्र येत नाही, म्हणून हे पत्र ई-मेलनं किंवा टपालानं न पाठवता तिच्याच हातात देतेय. पाकिटात चारुताच्या नावाचा तो कागदही आहे, पेन्सिल जरा पुसट झालीय पण वाचता येते. पाच वर्षं मी तो फेकला नाही, का ते मला सांगता येत नाही. मागच्या खेपेला तुझ्यासाठी दिलेलं मी पोचवलं नाही. ही पोर पोचवेल, ती माझ्यासारखी नाही. आधी तिला जेवू घाल, प्रवासात काही खात नाही ती. मग दोघींना समोर बसव आणि हे पत्र पहिल्यापासून मोठ्यानं वाचून दाखव, एकही ओळ गाळू नकोस. ती तुझ्याकडे पोचेल त्या दिवशी, अठ्ठावीस तारखेला, मी सबंध दिवस घरीच आहे. तुझा आला किंवा तिचा आला, कुणाचाही फोन पहिल्या रिंगला उचलेन.

वाट बघणारी, तुझीच
शैलजा