नव्या टाकीत जुनी काठी

सोमवार, ९ सप्टेंबर

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून आधीच कान पकडतो. कारण ऐकलंस की तू पुन्हा रागावशील, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. मागच्या आठवड्यात मासे धरून परतीच्या वाटेवर बोटीचं इंजिन बंद पडलं. तेही कुठं, तर खडकांच्या रांगेसमोर. दोन्ही गडी आणि मी, आमची तिघांची पाचावर धारण बसली. डिझेलची गाळणी उघडली तर आत तपकिरी चिखल. ती धुतली, नळीतली हवा काढली, देवाचं नाव घेतलं आणि कसेबसे धक्क्याला लागलो.

मग मी इंजिनखोलीत उताणा पडून डिझेलच्या टाकीखाली हात घातला. पत्र्याचे पोपडे तळहातावर आले. एका ठिकाणी तर चक्क साबण चोपडलेला आणि वर चिंधी. हे बाबांचं काम. गळती दिसली की साबण घासायचा, असं ते दोन वर्षं गुपचूप करत होते. आणि आम्हाला वाटायचं की ते दुपारची झोप काढायला खाली जातात!

टाकी बदलायलाच हवी. पण बाबांनी बोट बांधताना टाकी आधी बसवली आणि डेकच्या फळ्या नंतर ठोकल्या. आता ती बाहेर काढायची तर फळ्या कापाव्या लागतात. मी विषय काढला आणि बाबा ताटावरून उठले. एकदा कापलेलं डेक पुन्हा कधी पाण्याला अडवत नाही, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून माझ्याशी अबोला आहे. मीठ हवं असलं तरी माझ्या बायकोला, तुझ्या लाडक्या धाकटीला, सांगतात, त्याला म्हणावं मीठ सरकव. आणि मी समोरच बसलेला असतो.

हंगाम तोंडावर आलाय. आणखी एकदा त्या खडकांपाशी इंजिन बंद पडलं तर आम्ही परत येऊ असं मला वाटत नाही. हे बायकोला बोललेलो नाही, तुला लिहितो. तू बाबांना समजाव, तुझा शब्द ते खाली पडू देत नाहीत.

भावोजींना नमस्कार. रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझा
बारक्या (वजन वाढलं तरी नाव तेच)


शुक्रवार, १३ सप्टेंबर

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र दुकानात उभ्यानंच वाचलं. समोर गिऱ्हाईक डबा घेऊन ताटकळत होतं आणि मी त्याला गोड्या तेलाऐवजी मोहरीचं ओतून दिलं. हा तुझा पराक्रम.

साबण! धन्य आहे तुम्हा बापलेकांची. एकानं लावायचा आणि दुसऱ्यानं दोन वर्षं वर पाहत बसायचं. बाबांना वेगळं पत्र टाकलंय, ते तू उघडू नकोस. त्यात मी एवढंच लिहिलंय की मला भाऊ एकच आहे, फळ्या बाजारात पुष्कळ मिळतात. वाचून चिडतील, चिडू देत.

पण एक डोक्यात आलं ते सांगते. आमच्या दुकानाचं दार अरुंद, मोठं पिंप आत येत नाही. म्हणून आम्ही उंच, अरुंद डबे करून घेतले. तेल तेवढंच मावतं आणि डबा आडवा करून दारातून सरकवता येतो. तुझी नवी टाकी तशी करून घेता येईल का, ते पत्रेवाल्याला विचार. डेकवरून इंजिनखोलीत उतरायच्या झडपेतून आत गेली तर फळीला हात लावायला नको. जुनीचे खालीच तुकडे करा. म्हणजे बाबांचंही राहील आणि तुझंही.

पण टाकी बदलल्याशिवाय पाण्यात जायचं नाही. गेलास तर मी येऊन तुला धक्क्यावरून ओढत घरी नेईन, आणि तुझे गडी बघत राहतील.

यांनी तुला आशीर्वाद सांगितलाय. जीव सांभाळ, तो एकट्या तुझा नाही.

तुझी
ताई


सोमवार, २३ सप्टेंबर

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

झालं बाई एकदाचं! तुझी उंच डब्याची युक्ती पत्रेवाल्याला पटली. आणि बाबांना तुझ्या पत्रात काय दिसलं देव जाणे, दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे न बघता म्हणाले की फळीला करवत लागणार नसेल तर काय करायचं ते करा.

जुनी टाकी कापताना मात्र जीव मुठीत धरून बसलो होतो. डिझेल पिंपांत काढून घेतलं, तरी आत वाफ राहते आणि एक ठिणगी पुरे होते. म्हणून टाकीत काठोकाठ पाणी भरलं आणि कापण्याचं यंत्र न लावता साध्या हातकरवतीनं, पाण्याच्या पातळीबरोबर खाली खाली येत, पत्रा कापला. बाबा वर झडपेशी बसून होते. कुणी जरा घाई केली की डेकवर चप्पल आपटायचे.

नवी टाकी जुनीच्या निम्म्या रुंदीची पण दुप्पट उंच. झडपेतून अगदी सुळकन गेली. तळाशी हवा खेळावी म्हणून खाली पट्ट्या ठोकल्यात, आता गंजायची टाप नाही. आणि गंमत म्हणजे बाबांची डिझेल मोजायची काठी हिलाही बरोबर बसते. डेकवरच्या तोंडापासून तळापर्यंतचं अंतर तेवढंच ना! काठी पाहून बाबांचा चेहरा असा खुलला की विचारू नकोस. पिंपांतलं जुनं डिझेल परत ओतलं, पंपावरून थोडं वर घेतलं. काठीवरची भरल्याची खूण ओली झाली तसा बाबांनी हात वर केला आणि आम्ही पंप बंद केला. टाकीत वर अजून केवढी तरी जागा उरली होती. म्हणजे ताई, ही तर जुनीपेक्षाही मोठी निघाली!

गुरुवारी पहाटे लांबच्या पाण्यात जातोय, शनिवारी परत. बाबाही येतायत. इंजिनाचा आवाज एकदा ऐकायचाय म्हणे. मी नाही म्हणालो नाही. इतक्या दिवसांनी ते माझ्याशी सरळ बोलले, त्यातच मला सगळं मिळालं.

आता तरी निर्धास्त झोप. लोभ आहे तसाच असू दे, वर थोडं कौतुक घाल.

तुझा
बारक्या


गुरुवार, २६ सप्टेंबर

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा माझी तार आधीच मिळालेली असेल. तारेत सगळं लिहिता येत नाही, म्हणून हे लिहिते. घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

बारक्याचं पत्र आत्ता दुपारी आलं. काठी तीच ठेवली असं त्यानं लिहिलंय. अगं, टाकी निम्म्या रुंदीची झाली, मग त्याच खुणेपर्यंत डिझेल निम्मंच मावणार ना! वर जागा उरली ती टाकी मोठी म्हणून नाही. खाली भरलं ते कमी म्हणून. आमच्या दुकानात पिंपाची काठी वेगळी आणि डब्याची वेगळी. नवीन नोकराला मी पहिल्या दिवशी हेच सांगते. आणि सख्ख्या भावाला सांगायचं मला सुचलं नाही. उंच टाकी मीच सुचवली गं.

काठी खोटं बोलेल असं बाबांच्या स्वप्नातही येणार नाही. ते निघताना एकदा मोजतात आणि मग खारं पाणी जाऊ नये म्हणून समुद्रावर टाकीचं तोंड उघडू देत नाहीत. जायला पुरेल आणि परतताना मध्येच संपेल. मध्ये म्हणजे कुठं ते तुला सांगायला नको.

बंदरावर जा. कुणी ऐकलं नाही तर ओरड, पण त्यांच्या मागे कुणाला तरी पाठव. देव तुझ्या पायात बळ देवो.

तुझी
ताई


शुक्रवार, २७ सप्टेंबर

ती. स्व. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुमची तार सकाळी मिळाली. काठी खोटी, डिझेल निम्मं, मागे बोट पाठवा. मी दोनदा वाचली आणि तशीच, ओल्या हातांनी, धक्क्यावर धावले.

बंदराच्या कचेरीतल्या साहेबांनी तार उलटीसुलटी करून पाहिली. बोट शनिवारी यायची आहे, म्हणजे अजून उशीर झालेलाच नाही, मग शोधायचं काय, असं ते म्हणाले. एकानं तर विचारलं की तेलाच्या दुकानातल्या बाईंना समुद्रातलं काय कळतं. ताई, मी आयुष्यात कुणाला उलट बोलले नाही, पण त्याला बोलले. काय बोलले ते लिहीत नाही, तुम्हाला माझं वेगळंच रूप कळेल.

मग बर्फाच्या कारखान्यात गेले. त्यांची लाँच वेगानं जाते. बर्फवाले काका मामंजींच्या वयाचे. त्यांनी तार वाचली, मला टाकीची लांबी-रुंदी विचारली, आणि पुढचं एक अक्षर न विचारता लाँचमध्ये डिझेल भरायला सांगितलं. ते स्वतः गेलेत.

त्याला आता पुष्कळ वेळ झाला. वारा खडकांच्या दिशेनं वाहतोय आणि वाढतोय. मी जाळी ठेवायच्या पडवीत बसून हे लिहितेय. येणारा जाणारा मला चहा घे म्हणतो आणि माझ्याकडे बघायचं टाळतो. मला फार भीती वाटतेय ताई. यांच्या कपड्यांना डिझेलचा वास येतो म्हणून बुधवारी मी भांडले होते.

टपालाची गाडी निघतेय, म्हणून हे अर्धवटच टाकते. तुम्ही इथं असतात तर बरं झालं असतं.

तुमची
धाकटी


सोमवार, ३० सप्टेंबर

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही चौघंही सुखरूप आहोत, ते परवाच्या तारेत कळलंच असेल. बोट राहिली नाही, ते तारेत घालायचा धीर झाला नाही.

वाऱ्याचा रंग बघून आम्ही एक दिवस आधीच परत फिरलो होतो. खडकांची रांग दिसायला लागली आणि इंजिन दोनदा खोकून बंद पडलं. मला खात्री, हा कचराच. मी धडाधड गाळणी उघडली, तर आत लख्ख. नळ्या सोडवल्या, त्याही साफ. या खटपटीत आम्ही खडकांकडे वाहत चाललो होतो. मग बाबांनी टाकीचं तोंड उघडून काठी सोडली. कोरडी आली. त्यांनी ती बाहीला पुसली आणि पुन्हा सोडली. पुन्हा कोरडी. ते माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

नांगर टाकला, पण तो धरेना, घसरत होता. तेवढ्यात लाँच दिसली. मला वाटलं भास होतोय. लाटा फुटत होत्या तिथं आत येणं काकांना शक्य नव्हतं, बोट ओढून नेणं तर दूरच. त्यांनी लांबूनच दोरीला टायर बांधून सोडलं. आधी दोन्ही गडी गेले. बाबा मात्र डेकवर मांडी ठोकून बसले. म्हणाले, काठी मी सोडली होती, तू जा. लाँचवरून ओरडत होते की आता थांबता येणार नाही.

ताई, मी बाबांना जन्मात पहिल्यांदा दरडावलं. म्हणालो, "बोट आता माझी आहे आणि मी ती सोडली. उठा." ते उठले नाहीत. मग मी त्यांना उचललं. किती हलके झालेत गं ते, आपल्याला कळलंच नाही. त्यांना कवेत धरून टायरसकट पाण्यात उडी मारली. मागे नांगराची दोरी तुटल्याचा आवाज आला. मी वळलो नाही. माझ्या खांद्यावरून त्यांनी सगळं पाहिलं.

काल सकाळी वाळूवर काय लागलं असेल? नवी टाकी. रिकामी होती म्हणून तरंगत आली. पत्रेवाला येऊन ठोकून बघून गेला, एक सांधा सुटला नाही म्हणून खूश होता. त्याला काय बोलायचं!

मला बोटीचं वाईट वाटतंय, पण काकांनी लाँचवर काम देऊ केलंय, माझं निभेल. काळजी बाबांची आहे. घरी आल्यापासून एक शब्द नाही. या वेळी अबोला माझ्याशी नाही, सगळ्यांशीच आहे. दारात खुर्ची टाकून बसतात, ताट तसंच परत जातं. लोक समाचाराला येतात, त्यांच्याकडेही बघत नाहीत. मी त्यांना तिथून ओढून आणलं, पण ते अजून आलेले नाहीत असं वाटतं. मी चुकलो का गं? तू ये.

तुझ्या तेलाच्या डब्यांना आम्हा चौघांचा दंडवत.

तुझा
बारक्या


गुरुवार, ३ ऑक्टोबर

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

माझं पत्र बघून घाबरू नकोस. मी बरा आहे. मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे, पण तू तिकडे उंच टाकीचं खूळ डोक्यात घेऊन रडतेस असं धाकटी म्हणाली. ते आधी काढून टाक. टाकी चांगली होती. खूण ओली झाल्यावर हात मी वर केला, तू नाहीस. आयुष्य पाण्यावर गेलं आणि वर उरलेली जागा डोळ्यांना दिसत असूनही डोक्यात शिरली नाही. या गोष्टीची मला फार लाज वाटते, म्हणून गप्प होतो.

बोट गेली याचं दुःख आहे, खोटं कशाला बोलू. फळीन् फळी माझ्या हातची होती. बारक्यानं उचललं तेव्हा मला त्याचा राग आला होता. पाण्यात पडल्यावर कळलं की तो टायर माझ्या अंगात घालतोय आणि स्वतः नुसत्या दोरीला धरून आहे. हे त्यानं तुला लिहिलं नसेल.

काल शेजारच्या सुताराचा थोरला भाऊ भेटायला आला. माझ्या शेजारी बसला, डोळे पुसले आणि म्हणाला की अरेरे, या वयात तुझं सगळं गेलं. तेव्हा इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझं तोंड उघडलं. मी त्याला म्हणालो, "सगळं कसं जाईल? पोरगा आत जेवतोय." आणि मग उठून आत गेलो, त्याच्याशेजारी बसलो आणि जेवलो.

तू आणि जावईबापू सवडीनं या. माया होती तेवढी आहे, कमी झालेली नाही.

तुझा
बाबा