अंगणात ठोकलेली पाटी

ओहायो,
रविवार, ७ डिसेंबर २००३

लाडक्या नोरीन,

तुम्ही दोघं आणि छोटी बरी असाल. इथे थंडी कडक आहे, बर्फ मात्र नाही. आज चर्चमध्ये नाताळाआधीच्या चार रविवारांतली दुसरी मेणबत्ती लावली आणि शाळेतल्या सिस्टर पर्पेटुआ आठवल्या. मी घाईघाईने काडी ओढली की म्हणायच्या, "लोरेटा, देवाला घाई नाही."

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. का उचलत नाहीस, तेही कळतं. कॉलेजने बाबांना काढलं आणि फुटबॉल संघाचं मुख्य प्रशिक्षकपद तुझ्या डॅरलला देऊ केलं. बाबांच्या खुर्चीत आपला नवरा कसा बसणार, याची तुला लाज वाटते. शुक्रवारपर्यंत डॅरलला उत्तर द्यायचं आहे ना? म्हणून हे त्याआधी तुझ्या हाती पडायला हवं.

झालं कसं ते सांगते. शेवटचा सामना हरल्यावर सोमवारी सकाळी अंगणात पाटी दिसली, 'घर विकणे आहे'. तुला आठवतं ना, आयोवात असताना बाबांचा संघ हरला की 'गाव सोडा' म्हणून लोक रात्रीतून अशा पाट्या ठोकून जायचे? तू शाळेला निघायच्या आत मी त्या उपटायची. त्यांच्या काठ्यांवर आपले टोमॅटो चढायचे. तशीच ही उपटली आणि गॅरेजमध्ये नेऊन टाकली.

बाबा कॉफी पीत होते. म्हणाले, "लोरेटा, ती खरी आहे. मीच लावायला सांगितली."

तुझ्या आईसाहेबांना नवऱ्याची नोकरी गेल्याचं असं कळलं. पाटी आणि हातोडी घेऊन बाहेर गेले. जमीन गोठून दगड झाली होती, काठी आत जाईना. थोड्या वेळाने बाबा सपाता घालूनच बाहेर आले आणि पाटी सरळ धरून उभे राहिले. मी ठोकत होते. समोरच्या मिसेस हॅलोरन पडद्याआडून बघत होत्या. संध्याकाळी त्यांनी बटाटे-चीजचं भांडं पाठवलं, मयताच्या घरी पाठवतात तसं.

डॅरलने बाबांना फोन केला होता, ते त्याने तुला सांगितलं नसेल. त्याच्या लेखी बाबा अजून सासरे नाहीत, कोचच आहेत. पोरगा रडत होता. म्हणाला, "कोच, मी नाही म्हणून कळवतो."

बाबा म्हणाले, "गाढवा, तू नाही म्हणालास म्हणून मला परत बोलावणार आहेत का? दुसऱ्या कुणाला तरी घेतील. माझी पोरं ओळखीच्या हातात राहू देत." मग डाव्या बाजूच्या बचावातली ढिलाई कशी काढायची, हेच तासभर चाललं. फोन ठेवल्यावर ते गॅरेजमध्ये गेले आणि बराच वेळ गाडीत बसून राहिले. गाडी सुरू केली नाही.

त्यांना काम मिळालं आहे. पश्चिम कॅन्ससमधल्या एका छोट्या कॉलेजात त्यांचाच जुना खेळाडू आता मुख्य प्रशिक्षक आहे. त्याच्या हाताखाली हेल्मेट घातलेल्या पोरांना वाकायला आणि धडक द्यायला शिकवायचं. लग्न झालं तेव्हा ते हेच करत होते. तेव्हा आम्ही एका खोलीत राहायचो, आणि भिंतीवर चादर लावून ते सामन्यांच्या फिती बघायचे. मी त्या चादरीसमोर बसून मोजे विणायची. त्या खोलीइतकं सुख नंतरच्या एकाही घरात मिळालं नाही.

नाताळ झाला की ते निघतील. म्हणाले, "घर विकलं की मागाहून ये." दर वेळी हेच म्हणतात. मीही दर वेळेसारखं 'बरं' म्हणाले.

नोरीन, या वेळी मी खोकी वेगवेगळी भरते आहे. त्यांची कॅन्ससला जातील. माझी ॲग्नेसमावशीकडे. भांडण झालेलं नाही. नवीन गावात नवीन चर्च शोधायचं, नवीन बायकांना हसून नाव सांगायचं, ते आता माझ्याने होत नाही. त्यांना अजून सांगितलेलं नाही. पाटी धरून उभा असलेला तो माणूस डोळ्यांसमोरून जात नाही.

तेव्हा डॅरलला हो म्हणू दे. लाज धरू नकोस. आणि बाबांना फोन कर. माझ्याबद्दल काही बोलू नकोस, ते मीच सांगेन. हे घर घ्यायचं तुझ्या मनात असेल तर मात्र घेऊ नकोस, भाड्याचं बघ.

आणि हातोडी मी बरोबर नेत नाही. मिसेस हॅलोरनकडे तुझ्या नावाने ठेवून जाईन; प्रशिक्षकाच्या बायकोला ती लागते.

तुझी,
अजून खोकी भरणारी
आई